फ्रेंच क्रियापदाचें एक मावळतें रूप

भाषेंतील शब्द जन्मास येतात आणि नाहींसे होतात, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. आजोबांच्या तोंडीं असलेला एखादा शब्द नातवास कळत नाहीं आणि नातवाचा शब्द आजोबांस उमगत नाहीं. परंतु शब्दांप्रमाणें क्रियापदांचीं रूपेंही म्हातारीं होतात व काळाआड जातात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शब्द गेला तर त्याची उणीव भासते. रूप गेलें तर त्याची जागा दुसरें रूप इतक्या हलक्या पावलांनीं घेतें कीं, बदल झाला हें कळण्यास दोन पिढ्या जाव्या लागतात. फ्रेंच भाषेंत असें एक रूप गेलीं दोनशें वर्षें मावळत आलें आहे. ज्यांचा फ्रेंच भाषेशीं कांहींच संबंध नाहीं, त्यांनींही त्याची हकीकत ऐकावी. कारण तशीच हकीकत आपल्या मराठींतही घडलेली आहे, आणि तिच्यांतून निघणारा प्रश्न कोल्हापूरच्या शाळेंतील फळ्यापर्यंत येऊन पोंचतो.

प्रथम हें रूप कोणतें तें पाहूं. मराठी व्याकरणकारांनीं क्रियापदांचे अर्थ सांगितले आहेत. ‘तो येतो’ हा स्वार्थ, ‘ये’ हा आज्ञार्थ, ‘त्यानें यावें’ हा विध्यर्थ आणि ‘तो आला असता तर’ हा संकेतार्थ. फ्रेंच भाषेंत ‘स्युबजाँक्तिफ’ या नांवाचा एक अर्थ आहे. त्या नांवाचा मूळ भाव ‘खालीं जोडलेला’ असा आहे. इच्छा, भय, शंका, आवश्यकता दाखविणारें एक मुख्य क्रियापद असतें आणि त्याच्या आश्रयानें हें दुसरें क्रियापद उभें राहतें; म्हणून सोयीसाठीं त्यास ‘आश्रितार्थ’ म्हणूं. या आश्रितार्थाला वर्तमानाचें जसें रूप आहे, तसेंच अपूर्ण भूताचेंही आहे. मुख्य क्रियापद वर्तमानांत असेल तर आश्रितही वर्तमानांत, आणि मुख्य क्रियापद भूतकाळांत गेलें कीं आश्रितानेंही त्याच्यामागून भूतकाळांत जावयाचें, असा जुन्या फ्रेंच लेखनाचा दंडक होता.

उदाहरण घेऊं. ‘त्यानें यावें अशी माझी इच्छा आहे’ हें वाक्य मराठींत भूतकाळीं नेलें तर ‘त्यानें यावें अशी माझी इच्छा होती’ असें होईल. ‘आहे’ चें ‘होती’ झालें. ‘यावें’ मात्र जागचें हललें नाहीं. फ्रेंच ग्रंथकारास मात्र दोन्ही क्रियापदें हलवावीं लागत. वर्तमानांत ‘कील व्हियेन’, म्हणजे ‘त्यानें यावें’, असें तो म्हणे; परंतु ‘झ व्हुलै’, म्हणजे ‘माझी इच्छा होती’, असें म्हटलें कीं पुढें ‘कील व्हँ’ असेंच लिहिलें पाहिजे. हें ‘व्हँ’ म्हणजेच आपलें मावळतें रूप.

तें बनविण्याची कृति सोपी आहे. फ्रेंच भाषेंत एक साधा भूतकाळ आहे. त्याचें द्वितीय पुरुषी एकवचन घ्यावें आणि त्यास ‘स’ चा प्रत्यय लावावा. ‘एमे’ म्हणजे प्रेम करणें. त्याचें साध्या भूताचें रूप ‘त्यु एमा’, त्यापासून ‘एमास’. ‘फिनीर’ म्हणजे संपविणें. ‘त्यु फिनी’ पासून ‘फिनीस’. ‘असणें’ या अर्थाच्या क्रियापदाचें ‘त्यु फ्यू’, त्यापासून ‘फ्यूस’. ‘येणें’ या अर्थाच्या क्रियापदाचें ‘त्यु व्हँ’, त्यापासून ‘व्हँस’. पहिल्या क्रियापदाचीं सहाही रूपें क्रमानें एमास, एमास, एमा, एमासियाँ, एमासिए, एमास अशीं होतात. तृतीय पुरुषी एकवचनांत ‘स’ ऐकूं येत नाहीं. मात्र लिहितांना स्वरावर टोपीसारखी एक खूण काढतात. पूर्वी तेथें ‘स’ चें अक्षर लिहीत असत. तें मुकें झालें. फ्रेंच अकादमीनें १७४० सालच्या आपल्या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तींत असलीं पुष्कळ मुकीं अक्षरें गाळून त्यांच्या जागीं स्वरचिन्हें दिलीं. तेव्हां ती टोपी म्हणजे गेलेल्या अक्षराची खूणच म्हणावयाची.

या रूपाचें घराणें मोठें जुनें आहे. लॅटिन भाषेंत ‘आमाव्हिस्सेम’ असें एक रूप होतें. ‘मीं प्रेम केलें असतें’ असा त्याचा अर्थ. बोलतांना त्याचें ‘आमास्सेम’ झालें आणि तेंच झिजत झिजत फ्रान्समध्यें ‘एमास’ होऊन बसलें. लॅटिनच्या इतर मुलींनाही हा वारसा मिळाला. इटालियन भाषेंत ‘आमास्सी’, स्पॅनिशमध्यें ‘आमासे’, पोर्तुगीजमध्यें ‘आमास्स’. विशेष हें कीं, या बहिणींच्या घरीं तें रूप आजही धडधाकट आहे. छत्रपति राजाराम महाराज युरोपच्या प्रवासांत असतां १८७० सालीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं निवर्तले आणि त्यांचें स्मारक तेथें उभें राहिलें, हें कोल्हापूरकरांस ठाऊकच आहे. त्या फ्लॉरेन्समध्यें आजही ‘मी असतों तर’ असें म्हणावयाचें झाल्यास मनुष्य याच घराण्यांतलें ‘फोस्सी’ हें रूप वापरतो. घाटाखालीं गोव्यांत १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचें राज्य होतें. तेथील शाळांतून पोर्तुगीज शिकलेल्या वृद्धांच्या कानांतही ‘सी एउ फोस्स’, म्हणजे ‘मी असतों तर’, हे शब्द घोळत असतील. मग फ्रेंच भाषेच्याच घरीं या रूपास ओहोटी कां लागली?

त्याचें पहिलें कारण असें कीं, रूपाचा पायाच खचला. वर सांगितल्याप्रमाणें हें रूप साध्या भूतकाळावर उभारलेलें आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या बोलण्यांतून तो साधा भूतकाळच उठून गेला. ‘मीं प्रेम केलें’ असें सांगण्यास लोक दोन शब्दांचें संयुक्त रूप वापरूं लागले. साधा भूत ग्रंथांतील कथनापुरता उरला. ज्या मुलानें घरीं ‘त्यु एमा’ कधीं ऐकलेंच नाहीं, त्यानें त्यापासून ‘एमास’ कसें साधावें? खालचा मजला ढासळल्यावर वरचा मजला अधांतरीं राहूं शकत नाहीं. इटालियन, स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत या रूपास बोलण्यांतील नित्याच्या कामाचा, विशेषतः ‘तर’ च्या वाक्यांचा, आधार राहिला. फ्रेंच भाषेनें त्या वाक्यांत दुसरीच रूपें योजिलीं आणि हा आधारही काढून घेतला.

दुसरें कारण उच्चाराचें. साध्या भूतांतील ‘त्यानें प्रेम केलें’ आणि आश्रितार्थांतील ‘त्यानें प्रेम करावें’ हीं दोन्ही रूपें कानास सारखींच, ‘एमा’ अशींच लागतात. भेद फक्त कागदावरील टोपीचा. जें सर्वांत अधिक वापरलें जावयाचें, त्याच पुरुषांत व वचनांत रूपाची ओळख पटेना. उलट इतर पुरुषीं ‘आस’ चा घोष इतका मोठा कीं तो कानास बोंचूं लागला. कारण फ्रेंच भाषेंत ‘आस’ हा हलकेपणा दाखविणाराही एक प्रत्यय आहे. ‘पापरास’ म्हणजे निरुपयोगी कागदांचा ढीग. ‘व्हिनास’ म्हणजे हलक्या प्रतीचें मद्य. अशा शब्दांच्या पंक्तीस बसलेलें ‘एमासियाँ’ गंभीर प्रसंगीं उच्चारलें म्हणजे ऐकणाराच्या ओंठांवर हंसूं येई. एकोणिसाव्या शतकांतील विनोदी लेखकांना तर हें रूप आयतेंच सांपडलें. ज्या रूपाचें एकदां हंसें झालें, तें पुन्हां संभाषणांत मानानें वावरणें कठीण.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हें रूप जाऊं नये म्हणून फ्रान्समध्यें यत्न कमी झाले नाहींत. भाषेच्या रक्षणासाठीं राजसत्तेनें स्थापिलेली फ्रेंच अकादमी १६३५ पासून आहे. वोज्लासारख्या भाषापंडितानें १६४७ सालीं राजदरबारांतील उत्तम वापर कोणता, हें सांगणारा ग्रंथ लिहिला. शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांकडून हीं सहा रूपें घोकून घेतलीं गेलीं. इतका पहारा असूनही तें रूप तोंडांतून निसटलें तें निसटलेंच. अकादमीनें आपलें स्वतःचें व्याकरण प्रसिद्ध केलें तें १९३२ सालीं. तोंवर या रूपानें पॅरिसच्या बैठकींतून रजा घेतली होती.

मग परीक्षेंत काय करावयाचें, हा प्रश्न उभा राहिला. जें रूप परीक्षक स्वतः घरीं बोलत नाहीं, तें न लिहिल्याबद्दल विद्यार्थ्याचे गुण कापावे काय? १९०१ सालच्या फेब्रुवारींत फ्रान्सचे शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांनीं एक हुकूम काढला. परीक्षांतून व्याकरणाच्या कोणत्या गोष्टी चूक धरूं नयेत, याची त्यांत यादी होती. मुख्य क्रियापद संकेतार्थी असतां पुढें आश्रितार्थाचें भूतरूप न लिहितां वर्तमानरूप लिहिलें, तरी तें चालवून घ्यावें, असें त्या यादींत एक कलम होतें. पुढें १९७६ च्या डिसेंबरांत निघालेल्या दुसऱ्या हुकुमानें मुख्य क्रियापद भूतकाळीं असलें तरीही तीच मुभा दिली. या हुकुमांचे शब्द जपून योजिलेले आहेत. त्यांनीं जुनें रूप चुकीचें ठरविलें नाहीं, तें पुस्तकांतून काढून टाका असें सांगितलें नाहीं. नवें लिहिणाराला शिक्षा करूं नका, एवढेंच सांगितलें.

आज फ्रान्समध्यें मनुष्य बोलतांना ‘झ व्हुलै कील व्हियेन’ असेंच म्हणतो. म्हणजे मुख्य क्रियापद भूतकाळीं गेलें तरी आश्रित क्रियापद जागच्या जागीं राहतें. मराठींत ‘यावें’ जसें हलत नाहीं, तसेंच. आपल्या मराठीस जें सहज साधलें होतें, तेथें फ्रेंच भाषा उशिरां येऊन पोंचली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. तथापि जुनें रूप अगदींच मेलें असेंही नाहीं. मार्सेल प्रुस्त याच्या १९१३ ते १९२७ या काळांत प्रसिद्ध झालेल्या प्रचंड कादंबरींत तीं रूपें विपुल आहेत. उलट आल्बेर काम्यू यानें १९४२ सालीं प्रकाशित झालेली आपली प्रसिद्ध कादंबरी लिहितांना साध्या भूतकाळाऐवजीं बहुतेक सर्वत्र बोलण्यांतील संयुक्त भूतच वापरला. गंभीर गद्यांत ‘फ्यू’ व ‘यू’ यांसारखीं तृतीय पुरुषी रूपें अजून भेटतात, आणि ‘न फ्यूस क’, म्हणजे ‘निदान एवढें तरी’, यासारख्या कांहीं ठराविक वाक्प्रचारांत तें गोठून राहिलें आहे.

आतां मराठीकडे वळूं. साध्या भूतकाळाचीं रूपें भाषांतून कां नाहींशीं होतात, यावर फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यानें १९०९ सालीं एक निबंध लिहिला. याच मेयेचा एक शिष्य ज्यूल ब्लोक. त्यानें आपल्या संशोधनासाठीं मराठी भाषा निवडली आणि मराठीच्या घडणीवरील त्याचा ग्रंथ १९२० सालीं पॅरिस येथें बाहेर पडला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ सालीं ‘मराठी भाषेचा विकास’ या नांवानें तो मराठींत आणला. गुरूनें आपल्या भाषेंतील मावळत्या रूपांची चिकित्सा केली. शिष्यानें ती दृष्टि घेऊन आपल्या भाषेकडे पाहिलें.

त्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे आपल्या घरांतही एक मावळतें रूप दिसूं लागतें. संस्कृतांत ‘करोति’, प्राकृतांत ‘करइ’, जुन्या मराठींत ‘करी’. ज्ञानेश्वरांच्या काळीं ‘करी’ म्हणजे ‘करतो’. तो शुद्ध वर्तमानकाळ होता. पुढें ‘करितो’, ‘करतो’ हें नवें रूप पुढें आलें आणि ‘करी’ ला वर्तमानांतून उठावें लागलें. उठून तें कोठें गेलें? तें भूतकाळांत जाऊन बसलें. ‘तो रोज पहाटे उठे, नदीवर जाई, स्नान करी’ असें आपण लिहितों, तेव्हां पूर्वीची नित्याची रीत सांगत असतों. शाळेच्या व्याकरणांत त्यास रीतिभूतकाळ म्हणतात. एकाच रूपाचा काळ बदलला आणि पाटी बदलून दुकान चालूं राहिलें.

परंतु तेंही दुकान आतां बंद होत आलें आहे. कोल्हापूरच्या महाद्वार रस्त्यावर किंवा रंकाळ्याच्या कांठावर कोणी वृद्ध आपल्या वडिलांची आठवण सांगूं लागला, तर तो ‘वडील रोज पहाटे उठत, तालमींत जाई’ असें म्हणणार नाहीं; ‘वडील रोज पहाटे उठायचे, तालमींत जायचे’ असेंच म्हणेल. ‘उठे’ व ‘जाई’ हीं रूपें कथा-कादंबरींत, चरित्रांत आणि मुलांच्या गोष्टींत राहिलीं, बोलण्यांतून गेलीं. म्हणजे आपल्या ‘जाई’ ची आजची अवस्था आणि फ्रेंच ‘व्हँ’ ची अवस्था यांत फारसें अंतर नाहीं.

तरी रूप जातांना आपल्या खुणा ठेवून जातें. ‘दाम करी काम’ या म्हणींत ‘करी’ अजून आपल्या मूळच्या वर्तमान अर्थानें नांदत आहे. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ या म्हणींत तर तसलीं दोन रूपें शेजारीं शेजारीं बसलीं आहेत. ‘पोर ऐकेना’, ‘काम होईना’ असें आजही घरोघर म्हणतात; त्यांतील ‘ऐके’ व ‘होई’ तींच. सर्वांत मोठी गंमत भविष्यकाळाची. ‘करी’ ला ‘ल’ जोडला कीं ‘करील’, ‘जाई’ ला जोडला कीं ‘जाईल’, ‘उठे’ ला जोडला कीं ‘उठेल’. ज्या रूपास वर्तमानांत जागा उरली नाहीं, त्याच्याच खांद्यावर मराठीचा भविष्यकाळ उभा आहे. ‘पाहिजे’ व ‘म्हणजे’ या दोन शब्दांवांचून मराठी माणसाचा एक दिवस जात नाहीं. तेही एका जुन्या कर्मणि रूपाचे अवशेष आहेत. ‘पाहिजे’ म्हणजे ‘पाहिलें जातें’, ‘म्हणजे’ म्हणजे ‘म्हटलें जातें’. फ्रेंच ‘न फ्यूस क’ प्रमाणेंच हेही गोठलेले तुकडे.

येथें कोणी विचारील कीं, मनुष्यानें निश्चय केला तर भाषा हवी तशी वळवितां येणार नाहीं काय? याचें उत्तर कोल्हापुरांतच मिळतें. कवि माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे येथील राजाराम कॉलेजांत फार्सीचे प्राध्यापक होते. फार्सी-मराठी कोश रचणारा आणि आरंभीं कवितेंत फार्सी शब्दांची मुक्तपणें उधळण करणारा हा कवि पुढें भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला आणि १९३८ सालीं त्यानें ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्याच चळवळीनें दिलेले ‘बोलपट’, ‘दिग्दर्शक’ यांसारखे शब्द चित्रपटांचें माहेरघर असलेल्या या शहरांत रुळले. तेव्हां निश्चयानें शब्द बदलतां येतात, हें खरें. परंतु त्या चळवळीनेंही ‘करतो’ च्या जागीं पुन्हां ‘करी’ बसवावा, असें म्हटलें नाहीं. आणि म्हटलें असतें तरी तें कोणाच्या हातून झालें नसतें. शब्द हे घरांतील सामानासारखे आहेत. नवें आणावें, जुनें माळ्यावर टाकावें. क्रियापदांचीं रूपें मात्र घराच्या तुळयांसारखीं. तीं आपल्या वजनानेंच टिकतात किंवा वांकतात.

म्हणून खरा प्रश्न शाळेचा आहे. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं छापलें गेलें, मोरो केशव दामल्यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं. या व्याकरणांनीं लेखनास शिस्त लावली, हे त्यांचे उपकार. नंतर १९१७ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि ज्यांच्या घरांत पूर्वी कधीं पाटी आली नव्हती त्यांचीं मुलें शाळेंत येऊन बसलीं. तीं आपल्याबरोबर आपली बोली घेऊन आलीं. कोल्हापूरकडील मुलगी ‘मी गेलें’ असें न म्हणतां ‘मी गेलो’, ‘मी आलो’ असें म्हणते, हें सर्वश्रुत आहे. इतर ठिकाणचे लोक त्याला हंसतात. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणें तिनें ‘गेलें’ म्हणावयास हवें. परंतु तिची आई ‘गेलो’ म्हणते, आजी ‘गेलो’ म्हणत आली. तिनें आपल्या घरचा नियम चोख पाळलेला आहे. हंसण्यानें तिची बोली सुधारत नाहीं. ती वर्गांत बोलेनाशी होते, इतकेंच. ज्या शाळेचीं दारें एका राजानें सर्वांसाठीं उघडलीं, तीं एका प्रत्ययासाठीं तिला बंद वाटूं लागावीं, यापरतें वाईट काय?

फ्रान्समधील त्या हुकुमांचें शहाणपण येथें उपयोगी पडण्याजोगें आहे. तेथें ज्ञान आणि शिक्षा यांची फारकत केलेली आहे. विद्यार्थ्याला जुनें रूप ओळखतां आलें पाहिजे; नाहीं तर रासीन आणि प्रुस्त त्याला परके होतील. परंतु तें त्यानें बोललेंच पाहिजे, हा आग्रह नको. त्याचप्रमाणें मराठी मुलाला ‘करी’, ‘जाई’, ‘कीजे’ हीं रूपें समजलीं पाहिजेत. नाहीं तर ज्ञानेश्वर आणि तुकाराम त्याला पाठांतराच्या ओळी होऊन राहतील. प्रमाण लेखनांत ‘गेले’ कोठें लिहावयाचें, हेंही त्या मुलीस शिकवावें. कारण त्यावांचून तिला पुढचीं दारें उघडावयाचीं नाहींत. मात्र तें शिकवितांना तिच्या घरची बोली अशुद्ध, असा शिक्का तिच्या माथीं मारूं नये. लेखनाची रीत एक, बोलण्याची रीत दुसरी, आणि दोहोंनाही आपापला इतिहास आहे, एवढें सांगितलें तरी पुरे.

अकादमीच्या पहाऱ्यांत एक रूप विझलें; कोणाचाही पहारा नसतां ‘दाम करी काम’ मधील ‘करी’ सातशें वर्षें टिकला. भाषा कोणत्या रूपास ठेवील आणि कोणत्या रूपास निरोप देईल, हें आधीं सांगतां येत नाहीं. शाळेनें मागच्या रूपांची ओळख मुलांना करून द्यावी आणि पुढचें रूप ज्या तोंडांतून येत असेल, त्या तोंडाला बोलूं द्यावें.